पंधराव्या दिवसाचा केसपेपर

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मारहाणीत जखमी होऊन सरकारी दवाखान्यात येणाऱ्या गरीब माणसांच्या नोंदींबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

एकतीस वर्षं सरकारी रुग्णालयांत परिचारिका म्हणून काम करून मी निवृत्त झाले. पहिली अकरा वर्षं पश्चिम महाराष्ट्रात, साखर कारखान्याजवळच्या एका ग्रामीण रुग्णालयात गेली आणि पुढची सगळी मराठवाड्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात. त्यामुळे ऊसतोडीला जाणारी माणसं मी दोन्ही टोकांना पाहिली, फडावर असताना आणि गावी परतल्यावरही. मारहाणीचा विषय म्हटला की पत्रं गृहखात्याला जातात. मी मुद्दाम तुम्हाला लिहिते आहे, कारण मार खाल्लेलं गरीब माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढो न चढो, दवाखान्यात येतंच. रक्त थांबवायला तरी यावंच लागतं.

एक रात्र सांगते. डिसेंबर होता, कारखाना जोरात चालू होता. रात्री दोनच्या पुढे एका मोटारसायकलवर मधे बसवून एका बाईला आणलं. वय असेल पंचवीस-सव्वीस. साडीवर पुरुषाचा फुल शर्ट, तोडीला बायका घालतात तसा. डावा हात टॉवेलात बांधून छातीशी धरलेला. नवरा दारातच थांबला. "काय झालं गं?" मी विचारलं. "पडले, बाई." एवढंच म्हणाली. मागून नवरा म्हणाला, "पाय घसरला तिचा." ड्युटीवरच्या डॉक्टरांनी केसपेपरवर इंग्रजीत एक ओळ लिहिली, तिचा अर्थ असा की बाथरूममध्ये पाय घसरून पडली. इंजेक्शन दिलं, कच्चं प्लास्टर घातलं, सकाळी एक्स-रे काढायला सांगितलं.

ती बाई कोपीत राहत होती. चार बांबू, वर प्लॅस्टिकचा कागद आणि पाचट, आत शिरायचं तर कंबरेत वाकून. आंघोळीला चार काठ्यांना जुनी साडी गुंडाळलेली असते. बाथरूम होतं ते फक्त आमच्या केसपेपरवर.

सकाळी फिल्म आली. करंगळीच्या बाजूचं हाड, ज्याला आम्ही अल्ना म्हणतो, ते मनगट आणि कोपराच्या मधोमध आडवं तुटलेलं होतं. हाडांच्या वॉर्डात थोडे दिवस काढलेल्या कुणालाही हे कळतं. माणूस पडताना हात टेकतो आणि मोडतं ते बहुधा मनगट, अंगठ्याच्या बाजूचं. डोक्यावर येणारा दांडा अडवायला हात वर केला की घाव बसतो तो बरोबर या जागी. डॉक्टरांना ते दिसलं, मलाही दिसलं. ते चोवीस तासांची ड्युटी उरकून निघाले होते. मी फिल्म पाकिटात घातली आणि तिच्या हातात दिली. केसपेपरवरची ओळ तशीच राहिली. त्या ओळीखाली नर्सिंग नोंदीत सही माझी आहे.

तिसऱ्या आठवड्यात ती परत आली. हातासाठी नाही, पोराला ताप होता म्हणून. हातावर प्लास्टर नव्हतं. "काढलं," म्हणाली. कशानं? "कोयत्यानं." प्लास्टरच्या हातानं मोळी बांधता येत नाही आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेता येत नाही. हाड वाकडं जुळलं होतं. मूठ पूर्ण वळत नव्हती आणि त्याच हातानं ती उसाचा बुडखा धरत होती.

मंत्रालयातल्या फाइलींत कोयता हा शब्द येत असेल, तरी त्याचा हिशेब इथे सांगते. तोडीच्या कामात एक कोयता म्हणजे एक जोडपं. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती जोडप्यावर, बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात, दसरा-दिवाळीच्या आधी. ती फेडायची दोघांनी, पाच-सहा महिने. एकाचा हात थांबला की खाडा पडतो, आणि खाडा म्हणजे नुसती बुडालेली मजुरी नसते, दंडही कापला जातो. आता या बाईनं नवऱ्याला सोडून माहेरी जायचं म्हटलं तर काय होईल? कोयता मोडला, उचल अंगावर राहिली, टोळी आणणारा, उचल देणारा मुकादम तिच्या बापाच्या दारात उभा. नवऱ्यानं मारलं असं तिनं दवाखान्यात सांगितलं आणि पोलिसांनी त्याला उचलला तरी हिशेब तोच. तिला सगळं समजत होतं. "पडले, बाई" म्हणताना ती आमच्याशी खोटं बोलत नव्हती, जमाखर्च सांगत होती.

गरिबांच्या घरात मारामाऱ्या व्हायच्याच, असं मी डॉक्टरांकडून, पोलिसांकडून आणि लाज वाटते पण आमच्या ड्युटीरूममध्येही असंख्य वेळा ऐकलं. दारू पितात, शिक्षण नाही, अजून काय होणार. आकडे त्या बोलण्याला थोडा आधार देतात, हे मी नाकारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ३९ टक्क्यांनी शारीरिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. सर्वांत सधन हिश्श्यात हे प्रमाण १७ टक्के होतं. नवरा वारंवार दारूच्या नशेत असतो अशा घरांत ७० टक्के बायकांनी नवऱ्याच्या हातून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती. पण त्याच तक्त्यात नवरा अजिबात न पिणाऱ्या घरांचा आकडा आहे २३ टक्के. आणि सधन घरातले १७ टक्के म्हणजे काही थोडे नव्हेत.

मग फरक कशाचा? सधन घरातल्या बाईलाही हात उगारलेला दिसतो. तिच्याकडे आतून कडी लागणारी दुसरी खोली असते, स्वतःच्या नावावर थोडे पैसे असतात, बहिणीच्या शहरातल्या घराची किल्ली असते, रात्री येणारे ओळखीचे डॉक्टर असतात. यातलं सगळं सगळ्यांकडे नसतं, पण काहीतरी असतं. एका खोलीत सहा माणसं झोपतात तिथे दुसरा घाव चुकवायला जागाच नसते. म्हणून गरीब बाईच्या अंगावर मी जखम कधी एकटी पाहिली नाही. ताज्या जखमेशेजारी दहा दिवसांपूर्वीचा पिवळा पडलेला डाग असायचा, त्याच्या खाली त्याआधीचा व्रण. आम्ही ताज्या जखमेला टाके घालत होतो आणि बाकीच्या खुणांवरून कापूस फिरवत होतो.

त्याच सर्वेक्षणात असंही दिसतं की हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाकडे मदत मागितली. आपल्याकडे म्हण आहे, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बुक्क्या घरी बसतात. तोंड दाबण्यात आमच्या केसपेपरचाही हात आहे, असं मला आता वाटतं.

हे फक्त नवरा-बायकोपुरतं नाही. उपजिल्हा रुग्णालयात एका संध्याकाळी एका सालगड्याला त्याच्या पुतण्यानं आणलं. पन्नाशीचा माणूस. बैल दुसऱ्याच्या रानात शिरला म्हणून मालकाच्या घरच्यांनी काठीनं मारलं होतं, जातीवरून शिव्या दिल्या होत्या. हाताच्या पंजाला ही सूज. खिडकीवर त्याला पहिला प्रश्न विचारला गेला, "यादी आणली का?" यादी म्हणजे तपासणी करा असं पोलिसांचं पत्र. ती आणायला ते दोघे पुन्हा ठाण्यात गेले, तिथे तासभर बसले, परत आले. उपचार आधी, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे. आमच्या खिडकीपर्यंत ते पोचलेलं नव्हतं.

तोवर एक्स-रेचे तंत्रज्ञ घरी गेले होते. जखमेच्या दाखल्यावर शेरा पडला : साधी दुखापत. सकाळी येऊन फोटो काढा असं सांगितलं. सकाळी तो आला नाही. त्याच्या वर्षाच्या मजुरीचा करार ज्या घराशी होता त्याच घरानं मारलं होतं, आणि घरी म्हैस होती ती त्याच मालकाच्या पैशातली. त्याच्या बोटामागचं हाड मोडलं होतं की नाही हे आता कुणालाच कळणार नाही.

साधी आणि गंभीर या दोन शब्दांत किती अंतर आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. तरी पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते. हाड मोडलं तर कायद्यानं ती गंभीर दुखापत, पोलिसांना गुन्हा दाखल करून तपास करावाच लागतो. साधी दुखापत असेल आणि दुसरं कलम लागलं नाही, तर अदखलपात्र. लोकांच्या भाषेत, एनसी करून पाठवलं. म्हणजे हाड मोडलेलंच असलं तरी त्या रात्री एक्स-रेची खोली बंद असल्यामुळे ते कायद्यासाठी शाबूत राहतं. जिल्ह्याच्या गावी, खासगी सेंटरमध्ये पैसे मोजून रात्री दहालाही फोटो निघतो. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याची जखम गंभीर ठरते आणि ज्याच्याकडे नाहीत त्याची साधी. त्या सालगड्यावर झालेल्या अन्यायाला अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा होता. पण त्या कायद्यानं भक्कम उभं राहायलाही दवाखान्याचा कागद लागतो, आणि तो आम्ही कच्चा दिला.

आता या पत्राच्या मुद्द्यावर येते. गंभीर दुखापतीच्या व्याख्येत हाड मोडण्याखेरीज आणखी एक गोष्ट आहे. ज्या दुखापतीमुळे माणूस ठरावीक दिवस तीव्र वेदनेत राहतो किंवा रोजची कामं करू शकत नाही, तीही गंभीर. जुन्या दंड विधानात ही मुदत वीस दिवसांची होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ती पंधरा दिवसांवर आली. कायदा करणाऱ्यांनी हे शब्द घातले ते, माझ्या समजुतीप्रमाणे, हातावर पोट असलेल्यांच्या सर्वांत उपयोगाचे आहेत. टेबलावर बसून काम करणाऱ्याचं मनगट मुरगळलं तर तो तिसऱ्या दिवशी ऑफिसात जातो. मोळी उचलणारीचं, विटा वाहणाऱ्याचं, धुणीभांडी करणारीचं मनगट मुरगळलं तर पंधरा दिवस चूल थंड पडते. तिची रोजची कामं म्हणजे तिचा तोच हात.

पण एकतीस वर्षांत पंधराव्या किंवा विसाव्या दिवशी अशा माणसाला बोलावून "कामावर जाता आलं का?" असं विचारून त्याचं उत्तर कागदावर लिहिलेलं मी एकदाही पाहिलं नाही. दाखला पहिल्या रात्रीच्या सुजेवर लिहिला जातो आणि फाइल बंद होते. टाके काढायला माणूस आला तर ड्रेसिंगच्या खोलीत बाहेरच्या बाहेर काढून जातो, तिथे तर केसपेपरही कुणी उघडत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी ही आहे. मारहाणीचा संशय असलेल्या प्रत्येक रुग्णाला पहिल्याच दिवशी पंधराव्या दिवसाची तारीख द्या. लसीकरणाच्या कार्डावर देतो तशी, ठळक, मराठीत. त्या दिवशी डॉक्टरांनी तपासावं, काय करता येतं आणि काय येत नाही हे लिहावं. मूठ वळते का, घागर उचलता येते का, किती दिवस कामाला गेला नाही. आणि ती नोंद मूळ दाखल्याला जोडून पोलिसांकडे जावी. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवं यंत्र लागत नाही. एक रजिस्टर आणि एक शिक्का लागतो.

माणूस पंधराव्या दिवशी येईल का, ही शंका बरोबर आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून तुमच्या विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं, त्याच वर्षी एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं. दोन्हींमुळे ओपीडीत बायका वाढलेल्या मी स्वतः पाहिल्या. पण बुडालेला रोज अजून तिच्याच पदरात पडतो. अ‍ॅट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांत पीडितांना आणि साक्षीदारांना तपासासाठी, खटल्यासाठी घराबाहेर राहावं लागेल त्या दिवसांचा भत्ता आहे आणि तो किमान मजुरीपेक्षा कमी असू नये असंही त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे मार खाल्लेल्या माणसाचा दिवस बुडतो हे सरकारनं एका ठिकाणी मान्य केलेलं आहे. तोच विचार या तपासणीच्या दिवसाला लावा. रकमेनं सरकार बुडणार नाही. तिच्या घरी मात्र "दवाखान्यात गेली आणि रोज बुडवला" यावरून दुसरा मार बसणार नाही.

दुसरी गोष्ट नवी मागायची नाही, आहे ती पाळायची आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा २००५ चा. त्याच्या २००६ च्या नियमांतला सतरावा नियम दवाखान्यांसाठी आहे. आधी कौटुंबिक घटनेचा अहवाल झालेला नाही म्हणून उपचार नाकारायचे नाहीत. अहवाल झालेला नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखांनी नमुना एक, म्हणजे त्याच अहवालाचा छापील अर्ज, भरून या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. आणि तपासणी अहवालाची प्रत त्या बाईला फुकट द्यायची. हा नमुना माझ्या रुग्णालयांत मी कोऱ्या अवस्थेतसुद्धा पाहिला नाही. मला तो पहिल्यांदा दिसला एका संस्थेच्या शिबिरात, निवृत्तीला चार वर्षं उरली असताना.

त्या कोपीतल्या बाईसारख्यांसाठी या कागदाचं मोल फार आहे. पोलीस केस म्हटलं की नवरा आत आणि कोयता मोडला, ही तिची भीती खरी असते. नमुना एक संरक्षण अधिकाऱ्याकडे जातो. पुढे तिला न्यायालयाकडून मारू नये असा आदेश, घरात राहण्याचा हक्क, पोटगी हे मागता येतं, आणि ते कधी मागायचं हे तिच्या हातात राहतं. आज ना उद्या. कागद मात्र त्याच रात्रीचा हवा, अल्ना मोडल्याच्या रात्रीचा. तिला विचारूनच भरायचा, हे सांगायला नकोच. आणि नवरा दारात उभा असताना विचारलेल्या प्रश्नाला प्रश्न म्हणत नाहीत. एक पडदा, एक आडोसा, आणि "तुम्ही जरा बाहेर थांबा, ड्रेसिंग करायचं आहे" असं म्हणण्याची मुभा सिस्टरला असली पाहिजे. आम्ही हे वाक्य बाळंतपणाच्या खोलीबाहेर रोज बोलतो.

हे जमतं हे मुंबईनं दाखवलेलं आहे. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेनं मिळून २००० मध्ये 'दिलासा' विभाग सुरू केला. हिंसा सोसलेल्या बायकांसाठी दवाखान्याच्या आतच बसणारं समुपदेशन केंद्र, आणि प्रश्न कसा विचारायचा याचं तिथल्या डॉक्टर-नर्सना प्रशिक्षण. पुढे मुंबईतल्या आणखी पालिका रुग्णालयांत ते गेलं. तिथल्या एका पद्धतीबद्दल ऐकून माझ्या मनात कालवाकालव झाली : घरी जाणं धोक्याचं असेल तर बाईला देखरेखीसाठी म्हणून एक-दोन रात्री वॉर्डात ठेवून घेतात. खाट आमच्याकडेही होती. कितीतरी जणींना मी पहाटे तीनला टाके घालून त्याच मोटारसायकलवर बसवून दिलं आहे. पंचवीस वर्षं झाली, दिलासासारखं केंद्र तालुक्याला का पोचलं नाही? हिंसा सोसलेल्या बायकांना एकाच ठिकाणी मदत देणारी सरकारी सखी केंद्रं झाली, चांगलं झालं, पण ती बहुतेक जिल्ह्याच्या गावी. रात्री दोन वाजता फडावरून निघालेली बाई तिथवर जात नाही.

डॉक्टरांची बाजू मांडल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. बाथरूम लिहिणारे ते डॉक्टर वाईट नव्हते. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची कायदेशीर नोंद, केली की चार वर्षांनी कोर्टाचं समन्स येतं, तोवर बदली झालेली असते, तीनशे किलोमीटर प्रवास करून साक्षीला जायचं, तारीख पुढे गेली की पुन्हा. मागे ओपीडी ओस. गावातला वजनदार माणूस फोन करून "जरा सांभाळून लिहा" म्हणतो तो वेगळा. बाथरूम हा शब्द त्यांना या सगळ्यापासून वाचवत होता. त्यांच्यासाठी व्हिडिओवरून साक्षीची सोय सरसकट करा, रात्रीच्या ड्युटीला दुसरा माणूस द्या. आणि एक्स-रेचं म्हणाल तर प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रात्रभर तंत्रज्ञ बसवणं अवघड आहे हे मीही जाणते. पण १०८ ची गाडी बाळंतिणीला जिल्ह्याला नेते, तशी मारहाणीत हाड मोडल्याचा संशय असलेल्याला त्याच रात्री जिथे फोटो निघेल तिथे नेऊन आणता येईल. निदान "फोटो झालेला नाही" एवढं तरी दाखल्यावर लिहायला सांगा. जी तपासणी झालीच नाही तिच्या आधारावर साधी हा शब्द लिहू नये.

त्या बाईचं पुढे काय झालं मला माहीत नाही. कारखाना बंद झाला, टोळी गेली. मी मराठवाड्यात बदलून आले तेव्हा सुरुवातीची काही वर्षं ओपीडीच्या रांगेत डावा हात वाकडा असलेली बाई दिसली की मी चेहरा बघायची.

मी तालुक्याच्या गावीच राहते. पंधराव्या दिवसाची तपासणी तुम्ही कुठल्याही एका तालुक्यात सुरू करून बघा. आमच्या तालुक्यात केलीत तर ते रजिस्टर सांभाळायला, आडोशाला बसून बायकांशी बोलायला आठवड्यातले तीन दिवस मी यायला तयार आहे, मानधनाशिवाय. माझ्यासोबत निवृत्त झालेल्या आणखी दोघी सिस्टरना मी विचारलं आहे. त्याही हो म्हणाल्या आहेत. नमुना एकच्या छापील प्रती मात्र तुमच्याकडून हव्यात, मराठीत, आणि पुरेशा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका